थॅलेटचा संशय ठिबकवर नको, होज पाइपवर घ्या

‘उन्हात ठिबकच्या नळीतून थॅलेट सुटतं, घडात उतरतं, जमिनीत कायमचं राहतं, त्यापेक्षा होज पाइपनं पाणी द्या.’ तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या मोबाइलवर हा मेसेज फिरतोय. थॅलेट म्हणजे प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ते रसायन. त्याची भीती खोटी नाही. डीईएचपी हे नेहमीचं थॅलेट प्राण्यांवरच्या प्रयोगांत नर पिलांची वाढ बिघडवतं. युरोपात खेळण्यांत त्याला 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. पण मेसेजनं बोट भलत्याच नळीकडे दाखवलंय.

ठिबकची काळी लॅटरल, म्हणजे ओळीनं झाडांजवळून जाणारी बारीक नळी, पॉलिथिनची असते. पॉलिथिन मुळातच लवचीक, त्यात मऊपणासाठी काही घालावं लागत नाही. लॅटरलना पाणी पुरवणाऱ्या सबमेनचा कडक पीव्हीसी पाइपही थॅलेट न घालताच बनतो. (त्याच्याबाबत विचारायचंच तर शिशाचं विचारा. पाइप बनवताना उष्णतेनं पीव्हीसी बिघडू नये म्हणून त्यात शिसं वापरलं जायचं, त्याला आळा घालायला केंद्रानं 2021 मध्ये नियम काढले.) थॅलेट लागतं मऊ पीव्हीसीला: होज पाइप, रेक्झिन, वायरचं आवरण. मऊ पाइपात ते वजनाच्या 30 ते 40 टक्केही असू शकतं. म्हणजे मेसेज ज्याची शिफारस करतोय, तपासायला हवा तो तोच पाइप.

नळी कशाची याची शंका असेल तर तिचा नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात बुडवा, चिकटलेले बुडबुडे बोटानं काढा. पॉलिथिन वर तरंगतं, पीव्हीसी तळाला बसतं. जाळून पाहू नका. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते.

घडात उतरण्याचं म्हणाल, तर डीईएचपी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मातीतल्या सेंद्रिय कणांना ते चिकटून बसतं, मुळांवाटे वर चढणं त्याला अवघड. ‘कायमचं’ हेही चूक. हवा खेळत्या जमिनीत जिवाणू ते काही आठवड्यांत-महिन्यांत मोडत नेतात. ओढ्याच्या गाळात ऑक्सिजन नसतो, तिथं मात्र ते रेंगाळतं. म्हणून जुने होज पाइप ओढ्यात टाकू नका.

खरं जपायचं ते बेदाण्याच्या शेडवर, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. पाण्यात न विरघळणारं थॅलेट तेलात सहज विरघळतं. बेदाण्यासाठी द्राक्षं वाळवण्याआधी ज्यात बुडवतात, त्या डिपिंगच्या द्रावणात लिटरला साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल पडतं. हे ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, अस्सल तेलकट पदार्थ. कॅनमधून निखळ ऑइल ओढायला होज पाइपचा तुकडा वापरला, की ते पाइपमधलं थॅलेट शोषून घेतं. असा तुकडा ऑइलात राहून राहून आक्रसतो, कडक होतो. त्याचा मऊपणा ऑइलात गेलेला असतो. तेच ऑइल पुढं मण्यांवर बसतं, आणि बेदाणा आपण सालीसकट खातो.

ऑइल मोजायला स्टीलचं माप घ्या. द्रावण स्टीलच्या किंवा एचडीपीईच्या (कडक पॉलिथिनच्या) टपात करा. नळी लागलीच तर ठिबकच्या नव्या लॅटरलचा हातभर तुकडा चालेल, पण आधी ग्लासात तरंगतोय का ते बघून.