आईनं बंद केलेली मोटार

आमच्याकडं लातूरला नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. ते हौदात पडतं, आणि हौदातून मोटार ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. टाकी भरून वाहायला लागली की शेजारच्या काकू ओरडतात, "अवो, टाकी सांडायलीय!" ही आमची परंपरागत सेन्सर यंत्रणा. ज्या गावात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तिथं टाकी सांडणं म्हणजे भर पंगतीत तुपाची वाटी लवंडणं. सगळी गल्ली बघते.

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. दिवाळीला घरी आलो आणि जाहीर केलं, यंदा सगळं ऑटोमॅटिक.

झाकणाला आतून अल्ट्रासोनिक सेन्सर लावला. हा आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून किती वेळात परत आला ते बघून अंतर काढतो. मेंदू म्हणून ईएसपी ८२६६, म्हणजे वायफायवाला छोटा बोर्ड; हात म्हणून रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, आणि मोटारीचा भार पेलणारा त्याचा थोरला भाऊ, कॉन्टॅक्टर. प्रोग्राम दोन ओळींचा: पाणी ९० टक्क्यांच्या खाली असेल तर मोटार चालू, वर गेलं की बंद.

संध्याकाळी पाणी नव्वदला पोचलं आणि रिले पालीसारखा चुकचुकायला लागला. वरून पडणाऱ्या धारेनं पाणी हिंदकळत होतं. लाट वर, ९१. लाट खाली, ८९. टक्, टक्, टक्.

"मोटारीला उचकी लागली का रे?" आई.

चालू करायची खूण खाली ३० वर आणि बंद करायची वर ९० वर, अशी दोन टोकं ठेवायची असतात. कॉलेजात शिकवलं होतं. त्यावर मार्कही मिळाले होते.

रात्री तीनला लाईट गेली, आली, आणि मोटार आपली आपण सुरू. माझा रिले उलट्या खोपडीचा: बोर्डाच्या पिनवर शून्य, म्हणजे 'बंद'चा इशारा, आला की चालू होणारा. बोर्ड झोपेतून उठताना पिनेचा भरवसा नसतो. तेही निस्तरलं.

तिसऱ्या दिवशी मात्र मोबाईल सांगत होता, 'मोटार चालू'. पाणी ४२ टक्के. अर्ध्या तासानं, ४२ टक्के. सेन्सर गेला, असं ठरवून मी गच्चीवर चढलो, झाकण काढलं, सेन्सर पुसला, कोड बदलून दहा मोजण्यांतली मधली घ्यायला लावली. ४२ टक्के. खाली आलो तर आई पोथी मिटत होती.

"मोटार? मीच बंद केली की भिंतीवरच्या बटणावरून. पोथी वाचायले तर नुसतं घों घों."

माझ्या प्रोग्रामला मोटार चालू कर म्हटल्याचं ठाऊक होतं. चालू झाली का, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. घरात बटणं दाबणारी चार माणसं असताना मी एकट्या रिलेवर विश्वास टाकला. मग मोटारीच्या वायरीतून खरंच वीज वाहतेय का ते सांगणारा करंट सेन्सर लावला, आणि प्रोग्राममध्ये 'चालू' आणि 'बंद' यांच्या जोडीला तिसरी अवस्था घातली: 'आईनं बंद केली'. या अवस्थेत यंत्रानं गप्प बसायचं, पोथी संपेपर्यंत.

परवा पुण्यात भल्या पहाटे मोबाईल बघितला तर टाकी १०० टक्के. झाकणाखाली दव धरलं की सेन्सर आपल्याच तोंडावरच्या थेंबांना पाणी समजतो. आईला फोन लावला, "टाकी खरंच भरली का गं?"

"थांब," ती म्हणाली, "काकूंना विचारते."