मांजराला विषारी झाड ओळखता येते, हा समज खोटा आहे

मांजर पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक संदेश वरचेवर फिरत असतो. मांजराला कोणते झाड खावे हे उपजतच कळते. पोट बिघडले की ते पाने खाऊन ओकून मोकळे होते, त्यामुळे घरातील झाडे हलवण्याचे कारण नाही. फारच कुरतडू लागले तर कुंडीत तिखट, डांबरगोळी किंवा निलगिरीच्या तेलाचे थेंब टाकावेत. आणि विषारी पान पोटात गेलेच तर दूध किंवा मिठाचे पाणी पाजावे, असा त्याचा आशय आहे. यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि काही तर मांजराच्या जिवावर बेतणारी आहेत, म्हणून ती एकेक करून तपासणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान उपजत ज्ञानाचे. पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील रानमांजरे होत. मनी प्लांट पॅसिफिक महासागरातील बेटावरचा, तर डिफेनबेकिया आणि पीस लिली अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील. या झाडांची आणि मांजराची गाठ पडली ती माणसाच्या दिवाणखान्यात, त्यामुळे त्यांच्याबद्दलचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या रक्तात उतरण्याचा प्रश्नच येत नाही. ही तिन्ही झाडे अळूच्या कुळातील आहेत. अळू नीट शिजले नाही किंवा त्यात चिंच कमी पडली की घसा का खवखवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कॅल्शियम ऑक्झलेटचे तेच सुईसारखे स्फटिक मनी प्लांटच्या पानातही असतात. आमच्या चिमीने त्याचे एक कोवळे पान चावले तेव्हा तिच्या हनुवटीपासून लाळेची तार लोंबत होती आणि ती पुढच्या पंजाने एकसारखे तोंड घासत होती. पंधरा दिवसांनी तिने त्याच वेलाचे दुसरे पान चावले. उपजत ज्ञान राहू द्या, अनुभवाने आलेले शहाणपणही तिच्या कामी आले नाही.

मनी प्लांटने मांजराचे हाल होतात, पण सहसा जीव जात नाही. पुष्पगुच्छातील एशियाटिक किंवा ओरिएंटल लिलीची गोष्ट वेगळी आहे. तिचे पान, पाकळी, अंगावर सांडलेले आणि चाटले गेलेले परागकण, इतकेच काय, फुलदाणीतील पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. सुरुवातीच्या उलट्या थांबतात, घरच्यांना हायसे वाटते, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडतात. मांजर असलेल्या घरात ही फुले आणूच नयेत. ती उंच फडताळावर ठेवणे हा उपाय नव्हे. सायकस, म्हणजे सागो पाम, यकृतावर घाला घालतो, आणि कण्हेर व पानफुटी यांतील विषे हृदयावर परिणाम करतात.

पोट बिघडले म्हणून मांजर पाने खाते, हेही निरीक्षणाला धरून नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय संशोधकांनी हजाराहून अधिक मांजरपालकांकडून माहिती गोळा करून २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानुसार पाने खाण्यापूर्वी बहुतेक मांजरे ठणठणीत होती आणि खाल्ल्यावर नेहमी उलटी करणारी निम्म्याहूनही कमी होती. पाने खाणे ही निरोगी मांजराची स्वाभाविक सवय आहे, म्हणून ती मोडण्यापेक्षा तिला निर्धोक वाट करून देणे शहाणपणाचे.

आता कुंडीत टाकायच्या वस्तू. तिखट पंजांना लागते, मांजर त्याच पंजाने तोंड धुते आणि ते डोळ्यांत जाते. डांबरगोळी तर घरात असूच नये, कारण त्यातील नॅफ्थलीन मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. निलगिरी, टी ट्री, सिट्रोनेला अशा तेलांतील अनेक घटकांचा निचरा आपले यकृत ज्या प्रक्रियेने करते, ती मांजरात फार दुबळी असते. त्यामुळे अंगावर पडून चाटले गेलेले थोडे तेलही त्याला बाधते. लिंबा-संत्र्याच्या साली त्यामानाने सौम्य, पण त्या वाळल्या की वास जातो आणि मांजर परत येते.

मिठाच्या पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते आणि उलटी होताना द्रव फुप्फुसात जाण्याची भीती असते. दूध हा कोणत्याही विषावरचा उतारा नाही. तोंडातील पानाचे तुकडे काढावेत, चावलेल्या झाडाची फांदी पिशवीत घालावी आणि तडक पशुवैद्य गाठावा. लिलीच्या बाबतीत लक्षणे दिसण्याची वाटही पाहू नये.

कुरतडणे थांबवायचे तर विषारी झाडे घराबाहेर काढून त्यांच्या जागी स्पायडर प्लांट, अरेका पाम किंवा बोस्टन फर्न ठेवता येतात, आणि मांजराला त्याचे स्वतःचे गवत देता येते. मूठभर गहू रात्रभर भिजवून उथळ कुंडीत पेरले की आठ-दहा दिवसांत वीतभर पाती उभी राहतात. गवती चहा मात्र चालत नाही, त्यातील तेलाने पोट बिघडते. गव्हाची कुंडी मांजर जिथे आधी कुरतडत असे त्याच जागी ठेवावी. चिमीची कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. पावसाळ्यात गव्हाच्या मुळाशी पांढरी बुरशी धरते, म्हणून दर दहा दिवसांनी दुसरी कुंडी पेरून ठेवावी लागते.