फोन ठेवला असता, म्हणे

गेल्या महिन्यात आम्ही इंदूरच्या सुदामानगरातल्या पाच जणींनी एकीच्या घरी ‘कम्प्लायन्स’ नावाचा २०१२ सालचा इंग्रजी सिनेमा पाहिला. अर्ध्यावर एक जण भुट्ट्याचा कीस गरम करते म्हणून उठली ती स्वयंपाकघरातून परत आलीच नाही. संपल्यावर चहाची आठवणसुद्धा कुणाला झाली नाही. मी ग्रुपवर त्याबद्दल दोन ओळी टाकल्या, तर एका काकांनी उत्तर म्हणून एक तयार मजकूर पाठवला. दोन बाण असलेला, म्हणजे गावभर फिरून आलेला. नंतर तोच मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. डिजिटल अरेस्टसारख्या फोनांना (पोलीस किंवा सीबीआय असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ करून पैसे उकळणाऱ्या) भुलणारे लोक एक तर बिनडोक असतात, नाही तर भित्रे, नाही तर त्यांच्या मनातच चोर असतो. शिकला-सवरलेला सरळ माणूस पहिल्या मिनिटाला फोन ठेवतो. समोरच्याला ओळखपत्र मागितलं की विषय संपला. आणि आपल्याकडे घरात चार माणसं असतात, मोठ्यांचा धाक असतो, त्यामुळे हे अमेरिकेतले चाळे इथे चालायचे नाहीत. खाली हात जोडलेले.

काका वयाने आणि मानाने मोठे आहेत, म्हणून ग्रुपवर वाद घातला नाही. इथे घालते.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. एका फास्ट-फूडच्या दुकानात गर्दीच्या दिवशी फोन येतो. पलीकडचा माणूस म्हणतो, मी पोलीस अधिकारी, तुमच्या काउंटरवरच्या पोरीने गिऱ्हाइकाच्या पर्समधून पैसे चोरलेत, आम्ही पोहोचेपर्यंत तिला मागच्या खोलीत बसवा. मग तिची बॅग तपासा. मग खिसे. मग कपडे. मॅनेजर सँड्रा, मध्यमवयीन बाई, एकेक गोष्ट करत जाते, आणि पुढे जे होतं ते मी इथे लिहीत नाही. ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही. ९ एप्रिल २००४ रोजी केंटकी राज्यातल्या माउंट वॉशिंग्टन या छोट्या गावात हे घडलं. मुलगी अठरा वर्षांची होती, आणि फोन तीन तासांहून जास्त चालला.

‘भुलणारे बिनडोकच’, म्हणजे इथे ‘एखादी वेडगळ बाई भेटली असेल’, हा मजकुरातला पहिला धागा इथेच तुटतो. सुमारे दहा वर्षांत अमेरिकेच्या तीस राज्यांत अशा सत्तरहून अधिक घटनांची नोंद झाली. गावं वेगळी, दुकानं वेगळी, मॅनेजर वेगळे. फोनवरचा आवाज तेवढा एकाच साच्यातला. सत्तर ठिकाणी सत्तर वेडगळ बायका कशा भेटतील? आणि काका, फोन ठेवून देणारेही असणारच. त्यांची बातमी होत नाही. फोन करणाऱ्याला सगळे लोक लागतच नाहीत. दहा जणांनी ठेवला तर तो अकरावा नंबर फिरवतो.

आता शिकलेल्यांबद्दल. १९६६ साली अमेरिकेत हॉफलिंग नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ड्यूटीवरच्या नर्सला वॉर्डात फोन यायचा. अनोळखी आवाज, ‘मी डॉक्टर बोलतोय, अमुक पेशंटला या औषधाचे २० मिलिग्रॅम द्या.’ डबीवर स्वच्छ लिहिलेलं की कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. शिवाय फोनवरून औषधाची ऑर्डर घ्यायची नाही हा नियम. बावीसपैकी एकवीस नर्स औषध काढून पेशंटकडे निघाल्या. (गोळ्या निरुपद्रवी होत्या आणि वाटेत त्यांना थांबवलं गेलं.) मला यातली दुसरी गोष्ट जास्त बोचली. दुसऱ्या बारा नर्सना आणि नर्सिंगच्या एकवीस विद्यार्थिनींना कागदावर विचारलं होतं की असा फोन आला तर काय कराल, आणि बारापैकी दहा नर्सनी व सगळ्या विद्यार्थिनींनी लिहिलं, देणार नाही. आमचे काका या कागदावर लिहिणाऱ्यांत आहेत. त्या वेळी खोटं कुणीच बोलत नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर एस. पी. ओसवाल. वर्धमान समूहाचे प्रमुख, पद्मभूषण, वय त्या वेळी ब्याऐंशी. आयुष्यभर लोकांना हुकूम देत आलेला माणूस. २०२४ मध्ये त्यांना व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली, खोटे सरन्यायाधीश बसवले, आणि सात कोटी रुपये काढून घेतले. त्यांनी स्वतः पुढे येऊन हे सांगितलं, हे त्यांचे उपकारच. त्यांना बिनडोक म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. त्याच वर्षी डिजिटल अरेस्ट आणि तत्सम प्रकारांच्या सव्वा लाखाच्या आसपास तक्रारी नोंदल्या गेल्या, रक्कम एकोणीसशे कोटींच्या वर. आणि आपल्या इंदूरच्या क्राइम ब्रँचमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यालाच असा फोन आला होता; त्यांनी तो पत्रकारांसमोरच घेतला आणि सगळ्या शहराने व्हिडिओ पाहून हसून घेतलं. ते निभावले, कारण पोलीस कसे बोलतात ते त्यांना ठाऊक होतं, आणि भोवती माणसं होती.

आता मुख्य मुद्दा, पहिल्या मिनिटाचा.

पहिल्या मिनिटाला काही घडतच नाही, काका. पहिल्या मिनिटाला फक्त ‘नाव सांगता का’ एवढंच विचारलेलं असतं. सिनेमा फोनने सुरू होत नाही हे तुम्ही पाहिलं असतं तर लक्षात आलं असतं. आदल्या दिवशी कुणाकडून तरी फ्रीझर उघडा राहिलेला असतो, माल खराब झालेला असतो, आणि सँड्राने ते वरच्यांना कसं सांगावं या चिंतेत दिवस सुरू केलेला असतो. त्यात फोनवरचा म्हणतो, तुमच्या वरिष्ठांशी मी दुसऱ्या लाइनवर बोलतोच आहे. झालं. आता ती पोलिसाचं ऐकत नाहीये, नोकरी सांभाळतेय. पर्स, खिसे, जॅकेट, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा वीतभर उंच. सातव्या पायरीवर नाही म्हणायचं तर सहावी का चढलीस याचं उत्तर स्वतःला द्यावं लागतं, आणि ते देण्यापेक्षा सातवी चढणं सोपं. दर वेळी तो तिचं कौतुकही करतो, तुम्ही फार छान सहकार्य करताय म्हणून. कामसू बाईला हे वाक्य वर्षातून एकदा ऐकायला मिळतं हो!

मिलग्रॅमचा येल विद्यापीठातला प्रयोग पुष्कळांनी ऐकलेला असतो. १९६१ साली सुरू झालेला, करड्या कोटातला शास्त्रज्ञ ‘पुढे चला’ म्हणतो आणि साधी माणसं दुसऱ्याला विजेचे झटके देत जातात (झटके खोटे, देणाऱ्याला खरे वाटत). चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. एवढं सगळे सांगतात. मजा तपशिलांत आहे. पंधरा-पंधरा व्होल्टच्या पायऱ्या होत्या हे एक. आणि पुढच्या एका फेरीत शेजारी बसवलेल्या दोघांनी ‘आम्ही नाही करणार’ म्हणून हात काढून घेतला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे चाळीसपैकी चारच उरले. माणसं तशीच, तसल्याच शिक्षणाची, तसल्याच धाडसाची. शेजारचा माणूस तेवढा बदलला. नर्सच्या प्रयोगाचंही असंच झालं. १९७७ मध्ये तो ओळखीचं औषध घेऊन आणि सहकाऱ्यांशी बोलायची मुभा देऊन पुन्हा केला, तर अठरापैकी दोघीच औषध द्यायला निघाल्या.

म्हणून फोनवरचे भामटे सर्वांत आधी काय सांगतात? दार लावा. कॅमेरा चालू ठेवा. घरात कुणाला सांगाल तर त्यांनाही आत घेऊ.

‘आपल्याकडे घरात चार माणसं असतात’ हे वाक्य इथे कामाला येत नाही ते यामुळेच. चार माणसं घरात असून उपयोग नाही, ती त्या बोलण्यात असायला हवीत. केंटकीच्या त्या दुकानात बाहेर गिऱ्हाइकांची रांग होती. मागच्या खोलीत मुलगी होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली ती अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या तक्रारीची. एक कोटीहून जास्त गेले. घरात नवरा होता, बायको होती. दोघंही मान डोलावत राहिले, कारण न्यायालयाचा कागद दाखवला होता, आणि न्यायालयाचा कागद म्हटल्यावर आपल्या पिढीचा आवाज आपोआप खाली येतो. मोठ्यांचा धाक हा उपाय म्हणून सांगणाऱ्यांनी जरा विचार करावा. आपण पोरांना लहानपणापासून ‘उलट बोलू नकोस’ शिकवतो. राजा बोले दळ हाले ही म्हण आपलीच. होळकरांच्या गावात राहून मी राजाविरुद्ध बोलत नाही, पण फोनवर कुणीही राजा होऊन बोलू शकतो आणि दळ हालायला तयारच असतं.

केंटकीच्या दुकानात हे थांबलं कसं? डागडुजीची कामं करणारा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आत आला, त्याला फोन दिला, आणि त्याने सांगितलेलं करायला साफ नकार दिला. तिथल्या असिस्टंट मॅनेजरबाईला तेव्हा शंका आली, तिने आपल्या वरिष्ठांना स्वतः फोन लावला. त्या घरी झोपलेल्या होत्या. दुसरी लाइन वगैरे काही नव्हतीच. पुढे त्या मॅनेजरबाईला मुलीला बेकायदा डांबल्याबद्दल एक वर्षाचं प्रोबेशन मिळालं, आणि २००७ मध्ये ज्यूरीने कंपनीला मुलीला ६१ लाख डॉलर द्यायला सांगितले, तसेच त्या मॅनेजरबाईलाही ११ लाख. (तिची रक्कम पुढे कमी झाली.) गुन्हेगार तीच आणि फसलेलीही तीच. मजकूर लिहिणाऱ्याला हे पचणार नाही. त्याला प्रत्येक माणूस एकाच खान्यात हवा असतो.

राहिलं ओळखपत्र. हा मुद्दा सर्वांत शहाणपणाचा वाटतो आणि मला तोच सर्वांत घातक वाटतो. समजा सँड्राने ओळखपत्र मागितलं आणि माणूस खरोखरच पोलीस निघाला. मग त्या पोरीचे कपडे उतरवणं बरोबर ठरतं का? आपल्या कायद्यात स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि सभ्यता सांभाळून घ्यायची आहे, आणि व्हिडिओ कॉलवरची अटक नावाचा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही. म्हणजे खऱ्या सीबीआयच्या खऱ्या अधिकाऱ्याने खरं कार्ड दाखवून तुम्हाला चोवीस तास कॅमेऱ्यासमोर बसवलं तरी ते चुकीचंच. कोण बोलतोय हे नंतर. काय करायला सांगतोय ते आधी. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावायचा तोही याच प्रश्नावर लावता येतो, कार्ड खरं की खोटं हे ठरवत बसायची गरज नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. मी बत्तीस वर्षं इथे एका बँकेत काढली. नव्वदच्या दशकात एका संध्याकाळी कॅश दोन हजारांनी शॉर्ट आली. मी त्या दिवशी शाखेची इन्चार्ज होते. रीजनल ऑफिसला कळवलं, तर साहेबांचा फोन आला. आवाज ओळखीचा, साहेब अगदी खरे, हुद्दा खरा. म्हणाले, कुणाला बाहेर सोडू नका, सगळ्यांच्या बॅगा बघा, आणि तो बदली शिपाई आहे ना, त्याचा शर्ट काढून बघा. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता, देवासहून रोज बसने यायचा. मला आई म्हणावं इतका लहान. मी त्याला डायनिंग रूममध्ये नेलं आणि म्हटलं, काढ रे बाबा, साहेबांचं सांगणं आहे. त्याने काढला. हेड कॅशिअर दारात उभे होते, ते जमिनीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला सराफ्यातला एक व्यापारी दोन हजार जास्त आलेत म्हणून परत द्यायला आला.

त्या साहेबांचं कार्ड मागितलं असतं तर ते अस्सलच निघालं असतं.

आणि काका, तो फोन मी ठेवायचा प्रश्नच आला नाही. साहेबांनीच ठेवला, चार मिनिटांत. त्यानंतर मला कुणीच काही सांगत नव्हतं. पोरगा बनियनवर उभा होता, आणि मी त्याला म्हटलं, आता बूटही काढ. बुटांबद्दल साहेब एक अक्षर बोलले नव्हते.