तो काही करत नाही हो!

अभिनंदन, घरी कुत्रा आणलात. आता पहिली गोष्ट म्हणजे त्याला कुत्रा म्हणायचं नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर पोटच्या पोराला शिवी दिल्यासारखा चेहरा करायचा. हे एकदा जमलं की बाकीचं आपोआप येतं.

पट्टा घ्या, चांगला भारीतला घ्या, फोटोत छान दिसतो. पण त्याचं दुसरं टोक आपल्या हातात पाहिजेच असं काही नाही. समोरून एखाद्या आजी आल्या आणि आपलं ३५ किलोचं बाळ त्यांच्याकडे झेपावलं की मोबाईलमधून मान वर न काढता लांबूनच ओरडायचं, "घाबरू नका, काही करत नाही तो!" आजी भिंतीला चिकटल्या तरी वाक्य तेच ठेवायचं, फक्त आवाज वाढवायचा, आणि वर त्यांनाच ऐकवायचं की तुम्ही घाबरता ना म्हणून तो अंगावर येतो, आणि बघा की शेपटी कशी हलतेय, खेळायचंय त्याला. (शेपटी ताठ, उंच धरून भराभरा हलत असेल तर तो चवताळलेलाही असू शकतो असं प्राण्यांचे डॉक्टर सांगतात. पण त्यांचं काय, त्यांना दिवसभर चावायलाच बघतात सगळे, मनात अढी बसणारच.)

सकाळचा कार्यक्रम अंधारातच उरकावा. पिशवी मात्र न चुकता न्यायची, पट्ट्याला दिसेल अशी बांधायची आणि तशीच घडी न मोडता परत आणायची, अशी एक पिशवी वर्षभर आरामात पुरते. कोणी गॅलरीतून बघत असेल तर खिसे चाचपायचे, "अरेच्चा" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. फारच कोणी मागे लागलं तर नैसर्गिक खत आहे म्हणून सांगा. त्या खतातून जंतांची अंडी मातीत जातात, काही आठवड्यांत पिकतात आणि पुढे कित्येक वर्षं टिकून राहतात, तीही नेमकी जिथे लहान पोरं माती चिवडून बोटं तोंडात घालतात तिथे. पण पोरांनी मातीत खेळावं असं आपणच म्हणतो ना, मग. शू साठी शेजाऱ्याच्या गाडीचं टायर आहेच.

भुंकण्याचं म्हणाल तर तुम्ही सकाळी कुलूप लावून ऑफिसला जाता आणि रात्री येता, मधले दहा तास तो रडला, भुंकला, दार ओरबाडलं, यातलं तुम्हाला काहीच ऐकू येत नाही, म्हणजे तसं काही झालेलंच नाही. "आमच्यासमोर तर कधी भुंकत नाही" हे खरंच असतं, कारण तो भुंकतो तेच मुळी तुम्ही समोर नसता म्हणून. नाईट शिफ्ट करून झोपायला आलेला शेजारी डोळे चोळत दारात उभा राहिला तर त्याला शांतपणे विचारा, "तुम्हाला प्राणी आवडत नाहीत का?" हा प्रश्न कुठेही चालतो, लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, अगदी पोलीस चौकीतसुद्धा, आणि याचं उत्तर आजवर कोणाला नीट देता आलेलं नाही.

चावला तर? चावला म्हणायचं नाही, दात लागला म्हणायचं. समोरचा माणूस जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची म्हणत असेल, इंजेक्शनाचं बोलत असेल, तर त्याला जरा घाबरट म्हणून हसा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण तुमच्या बाळाचा जन्मच एवढ्या चांगल्या घराण्यातला. लसीचं कार्ड मागितलं तर "कपाटात कुठेतरी असेल." पाश्चरने १८८५ साली माणसाला लस टोचून प्रश्न सोडवून टाकलाय, तुम्ही दरवेळी पुन्हा कशाला सोडवायचा?

सगळं असं सुरळीत चालू असताना वरच्या मजल्यावर कोणीतरी नवीन राहायला येईल. त्यांचा तुमच्यापेक्षा दुप्पट मोठा, पट्ट्याशिवाय जिना उतरेल आणि थेट तुमच्या बाळाकडे येईल. तेव्हा बाळाला उचलायचं, बाकावर चढायचं आणि तिथून किंचाळायचं की लोकांना काही अक्कल आहे की नाही, बांधून ठेवता येत नाही का. ते मोबाईलमधून मान वर काढणार नाहीत. शेपटी बघा म्हणतील, हलतेय.