चिठ्ठी पुढे की मागे?

फ्रेंच शिकणाऱ्याला मदतीची वानवा नसते. उलट मदत इतकी मिळते की मूळ शंका कोणती होती, तेच विसरायला होतं.

माझी शंका एवढीच होती. 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणजे 'झे एक्री ला लेत्र'. लेत्र स्त्रीलिंगी, पण क्रियापदाला तिचं काही घेणंदेणं नाही. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचं झालं की मात्र 'ला लेत्र क झे एक्रीत'. चिठ्ठी आधी येऊन बसली रे बसली की क्रियापद स्त्रीलिंगी होतं आणि शेवटी 'त' वाजवू लागतं. खरं तर आपल्याला यात नवल वाटू नये. लेख लिहिला, पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, हे आपण कुणी न शिकवता बोलतो. पण मराठी क्रियापद कर्म कुठेही असो, त्याचा मान ठेवतं. फ्रेंच क्रियापद कर्म समोर आलं तरच ओळख देतं.

आधी भाषांतराच्या यंत्राला विचारलं. ते तत्पर आहे, नम्र आहे, आणि कशाचंही कारण देत नाही. 'मी दमले आहे' असं लिहिलं, तर त्यानं माझा पुरुष करून परत पाठवला. ते निस्तरलं, तर मैत्रिणीच्या चिठ्ठीतला 'त्यु' जाऊन तिथे 'वू' बसलेला. म्हणजे जिवलग मैत्रिणीला मी 'आपण कशा आहात' विचारत होते.

मग बाईंकडे गेले. नियम सांगताना बाईंचा चेहरा फार प्रसन्न असतो, कारण पुढचे अपवाद त्यांना दिसत असतात. सोबतचं सहाय्यक क्रियापद 'आव्वार' असेल तर कर्म बघायचं, 'एत्र' असेल तर कर्ता. कर्म आधी हवं आणि तेही प्रत्यक्ष. 'मी शिवून घेतलेला झगा' यातला झगा फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, वर अगदी समोर उभा, तरी तिथलं 'फे' हे क्रियापद ढिम्म हलत नाही. 'ती धुतली-पुसली' यात स्त्रीलिंग लागतं, 'तिनं हात धुतले' यात लागत नाही. बरं, ऐकायला दोन्हीकडे 'लावे'च. लिहिताना एक मुकं अक्षर वाढतं, जे कुणालाच ऐकू येत नाही, पण परीक्षकाला बरोबर दिसतं. यातला मूळ नियम सोळाव्या शतकात क्लेमां मारो नावाच्या कवीनं इटालियनचा दाखला देत आपल्या शिष्यांना पद्यात सांगितला. शिष्य सुटले, आम्ही अडकलो.

थेट वरच्या कोर्टात जावं म्हटलं, तर तिथे फ्रेंच अकादमी. 1635 साली स्थापना, 40 सभासद, आणि त्यांना म्हणतात 'अमर'. व्याकरण लिहायचं हे त्यांच्या घटनेतच होतं. ते प्रसिद्ध झालं 1932 साली. अमर माणसांना घाई कसली? त्यातही फेर्दिनां ब्रुनो या भाषातज्ज्ञानं त्यातल्या चुका दाखवणारं अख्खं पुस्तकच काढलं.

शेवटी उरली ती फ्रेंच मैत्रीण. तिच्या घरी जेवताना विषय काढला. ती म्हणाली, "एक्रीत, अर्थात." तिचा भाऊ म्हणाला, "बोलताना कोण म्हणतं?" त्यांची आई म्हणाली, "मी म्हणते," आणि पुढच्याच वाक्यात तिनं तो 'त' गाळला. भावानं तो पकडला. मग झग्याचं काय, यावर जुंपली. कोश आला, चष्मा आला, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या काकांना फोन लागला. काकांनी दोन्ही बाजू बरोबर ठरवल्या आणि भांडण पेटतं ठेवून फोन ठेवला. मी मुकाट्यानं जेवत होते.

निघताना मैत्रिणीनं मला दारात गाठलं आणि हळूच सांगितलं, "आम्ही काय करतो माहीत आहे? अडलं की वाक्य फिरवतो. कर्म मागे टाक, संपलं."

मी चिठ्ठी उचलून क्रियापदाच्या मागे ठेवली. झे एक्री ला लेत्र. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'वाक्यरचनेत धाडस हवं.'