मातीच्या बिलाबद्दल आपण लिहिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

आपण आम्हाला एक स्टार दिलात आणि लिहिलंत, "झाडांपेक्षा मातीचं बिल जास्त. माती विकून पैसे कमावणारे लोक. दुसरा नर्सरीवाला निम्म्यात करून देत होता. चार महिने झाले तरी बागेत नुसत्या काड्या." आपल्याला आणि घरच्यांना मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. डंपरच्या चिखलाने गेटसमोरचा रस्ता घाण झाला होता, त्याबद्दलही क्षमस्व. काड्यांचं पुढे लिहितो. पण मातीबद्दल जे लिहिलंत ते फार लागलं, म्हणून ते आधी.

भूगावच्या आपल्या प्लॉटवर मी आलो तेव्हा बांधकाम नुकतंच संपलं होतं. जमीन सपाट, वर मुरूम पसरलेला, दिसायला छान. आपण म्हणालात, जागा तयारच आहे, झाडं लावायला घ्या. मी म्हटलं, आधी खड्डा घेऊन बघू. आपल्यासमोरच कोपऱ्यात दोन फूट खड्डा घेतला. चार इंच मुरूम निघाला आणि खाली काय होतं ते आपण स्वतः पाहिलंत. फरशांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, बाइंडिंग वायर, पुट्टीची एक अख्खी गोणी दगड झालेली. त्याच्याखाली काळी चिकण माती, बांधकामाच्या गाड्या फिरून फिरून दाबून बसलेली. त्या खड्ड्यात आपण दोन बादल्या पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आपलाच फोन आला, "अहो, पाणी तसंच आहे!"

सर, अशा जमिनीत झाड लावलं तर पावसाळ्यात मुळं पाण्यात राहून कुजतात, आणि उन्हाळ्यात तीच काळी माती भेगाळते तेव्हा उरलेली मुळं तुटतात. शिवाय सिमेंट आणि चुन्याने मातीचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. आपल्या मातीचा ८.६ आला होता, परीक्षणाचा रिपोर्ट मी आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आहे. एवढ्या सामूला मातीत लोह असलं तरी झाडाला ते घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपल्या आईंनी एकच झाड मागितलं होतं, अनंत, गावच्या घरासमोर होता म्हणून. अनंताला थोडी आम्लधर्मी जमीन लागते. त्या राड्यारोड्यात तो लावून पैसे घेणं मला जमलं नसतं.

आता हिशोब. बागेची मोकळी जागा ९०० चौरस फूट. एक फूट उकरलं की ९०० घनफूट होतात, म्हणजे ९ ब्रास राडारोडा बाहेर काढायचा. मोठ्या झाडांचे ३ बाय ३ बाय ३ फुटांचे खड्डे त्यात धरलेले नाहीत. भरलेली माती पाणी पडलं की खाली बसते, म्हणून ९ ब्रासच्या जागी ११ ब्रास आणावी लागली. त्यात पोयटा म्हणजे गाळाची माती, कुजलेलं शेणखत, जाड वाळू आणि निंबोळी पेंड. कच्चं शेणखत स्वस्त मिळतं, पण त्यातून हुमणी ही अळी येते आणि लॉनची मुळं खाऊन टाकते. आम्ही आणलेलं खत आपण मुठीत घेऊन वास घेतला होता आणि म्हणाला होतात, "याला तर वासच नाही." पूर्ण कुजलेलं होतं म्हणूनच नव्हता. राडारोडा न्यायचेही पैसे पडतात. रात्री नदीपात्रात ओतून येणारे डंपरवाले कमी पैशात मिळतात, त्यांना आम्ही काम देत नाही. माती, खत, वाळू, सगळ्यांची चलनं बिलाला जोडली आहेत. त्यावर आम्ही वाहतूक आणि मजुरी लावली, बाकी काही नाही. "माती विकून" या शब्दांनी म्हणूनच वाईट वाटलं.

निम्म्या किमतीचं ते कोटेशन आपण मला दाखवलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, चार इंच लाल माती. म्हणजे राडारोडा जागच्या जागी आणि वरून लाल मातीची चादर. पहिल्या पावसात अशी बाग सुंदर दिसते, मी नाही म्हणत नाही. पण नुसती लाल माती पाण्याने घट्ट बसते, आणि मुळं चार इंच खाली गेली की पुढे प्लास्टर. अशा बागा पुन्हा उकरायची कामं आमच्याकडे येतात आणि तेव्हा लोकांचे दुप्पट पैसे जातात. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, ऐकून घेऊनच आपण होकार दिला होतात.

आराखड्याबद्दल रिव्ह्यूमध्ये एक शब्द नाही, याचंही मनाला लागलं. कुठे किती वेळ ऊन राहतं ते बघून आम्ही लॉनची जागा बदलली, कारण पश्चिमेच्या इमारतीची सावली दुपारनंतर तिथे पडते आणि सावलीत लॉन विरळ होतं. पायवाट जमिनीवर फक्कीने आखून आईंना चालून बघायला सांगितलं. त्यांना वळण अवघड गेलं, तेव्हा पुसून पुन्हा आखली. आंबा कंपाउंडपासून चार फुटांवर हवा होता, तो मी लावला नाही. सेप्टिक टँकच्या बाजूला एकही मोठं झाड ठेवलं नाही. या कशाचेही वेगळे पैसे घेतलेले नाहीत.

काड्यांबद्दल. वास्तुशांतीच्या आधी मे महिन्यात झाडं लावा, असा आपला आग्रह होता. मी मृगाचा पाऊस पडू द्या म्हणालो, आणि पाऊस पडल्यावरच लावली. पारिजातक, बकुळ, सोनचाफ्याचं कलम, कढीपत्ता, कागदी लिंबू, सगळ्यांना नवी फूट आहे, आपणच टाकलेल्या फोटोत ती दिसते. पहिल्या वर्षी झाड मुळं धरतं, वर कमी दिसतं. मोठी, भरलेली झाडंही मिळतात, त्यांचे दर मी सांगितले होते आणि आपण नको म्हणालात. लॉनमध्ये लव्हाळा हे तण आलं आहे हे खरं. पण आपल्याकडे पाइप रात्रभर सोडून ठेवतात, ओल राहिली की तो आणखी फोफावतो. कृपया सकाळी एकदाच पाणी द्यावं.

आमचं काम ओळखीवर चालतं. आपला रिव्ह्यू वाचून एका ताईंनी ठरलेलं काम थांबवलं. माझ्याकडच्या माळ्यांची घरं यावरच चालतात, म्हणून एवढं लांबवून लिहिलं, राग नसावा. यापुढे कोटेशनमध्ये मातीचा भाग जास्त सविस्तर देण्याचा प्रयत्न करू, रस्ता धुण्याचंही बघू.

येत्या रविवारी सकाळी माणूस पाठवतो, लव्हाळा गाठींसकट काढून देईल, त्याचे पैसे नकोत. मीही येतो. हवं तर त्याच कोपऱ्यात पुन्हा खड्डा घेऊन पाणी ओतून बघू. स्टार किती द्यायचे ते आपण ठरवा, पण "माती विकून" एवढे शब्द काढावेत, ही हात जोडून विनंती. आणि अनंताला कळी धरली आहे का, तेवढं आईंना विचारून कळवा.