दोन लिंबे म्हणजे नेमका किती रस?

सप्रेम नमस्कार.

लेमन बारच्या, म्हणजे खाली बिस्किटाचा तळ आणि वर लिंबाचा रस, अंडी व साखर यांचा आळलेला थर असलेल्या वड्यांच्या, माझ्या कृतीवर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या खेपेस बार "गोड ऑम्लेटासारखे" लागले, आंबटपणाचा पत्ताच नव्हता. म्हणून दुसऱ्या खेपेस आपण साखर निम्मी केली, तर वरचा थर रबरासारखा झाला, त्याला पाणी सुटले आणि खालच्या बिस्किटाचा लगदा झाला. शिवाय दोन्ही वेळा जिभेवर धातूची चव रेंगाळत राहिली. सहा अंडी आणि २०० ग्रॅम बटर वाया गेल्यावर "ही कृती स्वतः करून पाहिली होती का?" असे आपण विचारलेत, यात मला काही वावगे वाटत नाही. करून पाहिली होती, आणि अनेकदा. पण जिथे केली तिथली लिंबे वेगळी होती, आणि नेमके तेवढेच लिहायचे राहून गेले.

ही चूक सर्वस्वी माझी आहे. मी "दोन मोठ्या लिंबांचा रस" असे लिहिले होते. हा पदार्थ मी अमेरिकेत शिकले, आणि तिथल्या जाड सालीच्या, पिवळ्या, लांबट फळातून एकेकाचा ४० ते ४५ मिलिलिटर रस सहज निघतो. आपले कागदी लिंबू ही मुळात वेगळी जात. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी मंडईतून आठ कागदी लिंबे आणून पिळली, तेव्हा सगळ्यांचा मिळून ९५ मिलिलिटर रस भरला. म्हणजे आपण दोन मोठी निवडून घेतली असली, तरी भांड्यात जेमतेम २५ ते ३० मिलिलिटर रस पडला असणार, आणि तीन अंडी व २०० ग्रॅम साखर यांच्यापुढे त्याचे काय चालणार? अंड्याचा हिवस वास लिंबाच्या आंबटपणाखाली दबतो. इथे तो दाबायला काही उरलेच नाही. कृतीत मी आता ९० मिलिलिटर गाळलेला रस असे माप दिले आहे, मग लिंबे कितीही लागोत. अंडीही नगावर न देता टरफलाशिवाय १५० ग्रॅम अशी वजनाने दिली आहेत, कारण आपल्याकडची अंडी पुष्कळदा लहान असतात.

साखर निम्मी करण्याच्या आपल्या निर्णयाशी मात्र मी सहमत नाही. गोड कमी हवे तर साखर काढावी हा आपल्या घरांतला पिढीजात उपाय आहे, आणि शिऱ्याला किंवा खिरीला तो चालतोही. पण इथे साखर केवळ गोडीसाठी नसते. अंड्यातली प्रथिने तापली की उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवतात. साखर हे गुंतणे लांबवते, त्यामुळे मिश्रण आळायला जास्त उष्णता लागते आणि आच थोडी इकडेतिकडे झाली तरी निभावून जाते. साखर निम्म्यावर आली की तेच मिश्रण लवकर आवळते, मी लिहिलेली २५ मिनिटे त्याला फार होतात, आणि आवळलेले जाळे धरलेले पाणी बाहेर टाकते. खरवस जास्त उकडला की त्याला छिद्रे पडतात आणि खाली पाणी साठते, तोच हा प्रकार. डबा ओव्हनमधून केव्हा काढायचा, तेही मी खरवसावरूनच ठरवते: कडा बसलेल्या असाव्यात, आणि डबा हलवला तर मधला तळहाताएवढा भाग थरथरावा, पण त्यावर लाट येऊ नये. साखर मी १७५ ग्रॅमपर्यंत खाली आणून पाहिली आहे. त्याखाली जाण्यापेक्षा रस १०० मिलिलिटर करावा.

आता लगदा झालेल्या तळाविषयी. कडा रंगू लागल्यामुळे आपण तो दहाच मिनिटांत बाहेर काढलात आणि पूर्ण गार झाल्यावर त्यावर मिश्रण ओतलेत. हा तळ म्हणजे शॉर्टब्रेड, बटरचे खुसखुशीत बिस्किट. त्याचे जुने स्कॉटिश प्रमाण वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर आणि तीन भाग पीठ असे आहे, आणि मीही ५०, १०० व १५० ग्रॅम असेच घेते. बटर पिठाच्या कणांना वेढून बसते, म्हणून त्याला चिवटपणा येत नाही. शंकरपाळ्यांत मोहन घालतो ते याच कामासाठी. पण असा थर अर्धाकच्चा राहिला तर वरचे पातळ मिश्रण पिऊन टाकतो. तो १७५ अंशांवर सुमारे २० मिनिटे, मधला भागसुद्धा फिकट सोनेरी होईपर्यंत भाजावा लागतो. आपल्या कडा लवकर रंगल्या, त्याअर्थी डबा बहुधा ओव्हनच्या वरच्या रॉडजवळ होता. तो एक खाच खाली ठेवावा. मिश्रण गरम तळावरच ओतावे, म्हणजे ते खालून लगेच आळू लागते आणि भेगांतून झिरपायला त्याला उसंत मिळत नाही. मी चमचाभर कच्चे पीठ बाजूला काढून ठेवते आणि भाजलेल्या तळाला भेग दिसली की बोटाने लिंपते. पीठ डब्यात बसवायला सपाट बुडाची वाटी उत्तम.

धातूच्या चवीचे कारण आपण सांगितलेला ॲल्युमिनियमचा डबा. लिंबाचा रस त्या धातूला खातो. माझाही डबा ॲल्युमिनियमचाच आहे, पण छायाचित्रात त्याच्या चारही बाजूंनी वर आलेला बटर पेपर दिसतो, तो केवळ बार उचलायला सोपे जावे म्हणून नसतो. हे शब्दांत लिहायला हवे होते.

"यापेक्षा आपली नारळाची वडी बरी" या आपल्या शेऱ्यावर मी वाद घालणार नाही. वडी माझ्याही घरी होते, आणि कधी कधी तिचाही चुरा होतो.

तिसऱ्यांदा करून पाहणार असाल, तर निम्म्या मापाने, २० बाय १० सेंटिमीटरच्या डब्यात करावे, आणि गार झालेला डबा किमान तीन तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय सुरी लावू नये. निम्म्या मापाला अंडे ७५ ग्रॅम लागते. त्यासाठी दोन अंडी फेटून तेवढे मोजून घ्यावे, आणि उरलेल्याचे ऑम्लेट करावे, या खेपेस बिनसाखरेचे.